बीपीची गोळी आणि डॉ. पटेल यांचा अर्धा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उच्च रक्तदाबासाठी गोळीऐवजी शवासन सुचवणारा लेख आला आहे. त्याला आधार म्हणून इंग्लंडच्या डॉ. चंद्रा पटेल यांचं नाव घेतलंय. नाव खरं, संशोधनही खरं. पण लेखकाने त्यातला सोयीचा तेवढाच भाग उचलला. मी ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. लेख आला त्याच आठवड्यात ओळखीच्या दोघी-तिघींनी फोन करून विचारलं, "ताई, मग गोळी बंद केली तर चालेल ना?" म्हणून हे पत्र.

डॉ. पटेल लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये जनरल प्रॅक्टिस करत, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारख्याच. 1973 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपल्या 20 रुग्णांचा अनुभव छापला. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, असे तीन महिने. रुग्णाने आडवं पडायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, एकेक अवयव सैल सोडायचा. बोटांना लावलेल्या यंत्राचा आवाज अंग सैल पडेल तसा खाली येई, त्यामुळे आपल्याला जमतंय की नाही हे रुग्णाला स्वतःलाच कळे. पाच जणांच्या गोळ्या पूर्ण सुटल्या. सात जणांच्या कमी झाल्या. चौघांचं बीपी आधीपेक्षा बरं आटोक्यात आलं आणि चौघांना काही गुण आला नाही. पुरवणीत फक्त पहिले पाच आले! शिवाय या गोळ्या कुणी आपल्या मनाने बंद केलेल्या नव्हत्या. बीपी पुन्हा पुन्हा मोजून डॉक्टरांनी त्या उतरवत आणल्या होत्या.

मला या बाईंचं खरं कौतुक वाटतं ते पुढच्या पायरीचं. डॉक्टरकडे वरचेवर गेलं, निवांत पडून राहिलं, तर बीपी तसंही थोडं खाली येतं, ही शंका त्यांनी स्वतःच तपासायला घेतली. 1975 साली 34 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सहा आठवडे योगाची शिथिलीकरणाची पद्धत यंत्रासह शिकवली, दुसऱ्याला नुसता साधा आराम. शिकलेल्यांचं बीपी 168/100 वरून 141/84 वर आलं. नुसता आराम केलेल्यांचंही उतरलं, पण 169/101 वरून 160/96 इतकंच. मग त्या दुसऱ्या गटालाही तेच शिकवलं आणि त्यांचं बीपी पहिल्यांच्या बरोबरीला आलं. त्यांची आणखी एक युक्ती मला फार आवडली. रुग्णांच्या मनगटी घड्याळावर त्या लाल टिकली चिकटवायला लावत. वेळ बघायला हात वर केला की टिकली दिसणार आणि खांदे सैल सोडायची आठवण होणार. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही टिकलीची पाकिटंच आणून ठेवली असती.

मराठी वृत्तपत्राने निदान एक गोष्ट तरी सांगायला हवी होती. क्रॉयडनच्या चार वर्षं आधी, 1969 साली, आपल्या मुंबईत डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनावरचा अभ्यास 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात छापला होता. रुग्ण 47. नाकपुडीशी आत जाणारी हवा गार आणि बाहेर येणारी कोमट लागते, तिकडे ध्यान ठेवायचं, अशी त्यांची साधी रीत. म्हणजे 'परदेशाने मान्य केलं' म्हणून हुरळून जायचं काही कारण नाही. काम इथलंच होतं.

आता दुसरी बाजू, जी लेखात औषधालाही नाही. 1990 साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी सौम्य रक्तदाबाच्या 35 जणांवर हाच प्रयोग केला, पण दवाखान्यातल्या एका मापावर न विसंबता दिवसभराचं बीपी नोंदवलं. वर्षभरानंतर शिथिलीकरण शिकलेल्यांत आणि न शिकलेल्यांत फरक दिसला नाही. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली, तिचे निकाल 1992 साली आले. वजन कमी केल्याने आणि मीठ कमी केल्याने बीपी उतरलं. ताणावरच्या प्रशिक्षणाने उतरलं नाही. मग डॉ. पटेल चुकल्या का? मला तसं वाटत नाही. रुग्णाला ओळखणारी डॉक्टर आठवड्यातून तीनदा अर्धा तास त्याच्यासोबत बसते, तेव्हा गोळी वेळेवर घेतली जाते, जेवणातलं लोणचं-पापड निघतं, मनातलं बोललं जातं. यातलं शवासनामुळे किती आणि डॉक्टरमुळे किती, हे सोडवून दाखवणं अवघड. पण तो अर्धा तास वगळून उरलेलं शवासन मोबाइलवर बघून केलं, तर क्रॉयडनचा गुण येईल असं कुणी समजू नये.

आणखी एक. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला आम्हीही खिडकीतून गोळ्या देताना देत होतो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. डॉ. पटेल पुढे, समाजातल्या स्थानाचा आरोग्यावर काय परिणाम होतो हे अभ्यासणारे प्रा. मायकेल मार्मट यांच्यासोबत काम करू लागल्या. लंडनच्या 10,314 सरकारी नोकरांवरच्या 'व्हाइटहॉल 2' अभ्यासाचा जो लेख 1991 साली आला, त्याच्या लेखकांत त्यांचं नाव आहे. हुद्दा जितका खालचा, तितकं आपल्या कामावर आपलं चालणं कमी आणि आजार जास्त, असं त्यातून दिसलं. मार्मट यांनी नोंदवलेली एक गोष्ट तर विचार करायला लावते: ऑफिसात साहेब आणि कारकून यांचं बीपी साधारण सारखंच असे, पण घरी गेल्यावर साहेबांचं जास्त उतरे. पहाटे पाणी भरून, स्वयंपाक उरकून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईचं संध्याकाळी काय होत असेल, ते कुणी मोजलंय का?

आमच्या केंद्रात बीपी मोजायची पद्धत कशी होती तेही सांगते. एसटीतून उतरून चढ चढून आलेली बाई रांगेत उभी. नंबर आला की स्टुलावर टेकते न टेकते तोच पट्टा आवळायचा, आणि तेवढ्यात "औषधं घेता का वेळेवर?" हेही विचारायचं. पाठीला टेका नाही, हात लोंबता. कित्येकींनी सकाळची मिश्री नुकतीच लावलेली असे, आणि तंबाखूने बीपी चढतं. नियम साधे आहेत: आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसणं, हात छातीच्या उंचीवर. तेवढी पाच मिनिटं मिळाली असती तर रजिस्टरातले बरेच आकडे वेगळे दिसले असते.

व्यवस्था नाही असंही नाही. देशातला उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 साली सुरू झाला आणि आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरलेली औषधं, घराजवळ गोळ्या, कोण आलं नाही याचा पाठपुरावा, अशी ती रचना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के स्त्रियांना हा आजार आहे. इतक्यांना गोळीपासून परावृत्त करणारा मजकूर मोठ्या मथळ्याने छापला, तर त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये' अशी चौकट छापणं हे आपलं काम होतं. ती येत्या रविवारी छापावी.

आणि आरोग्य विभागाला एक सूचना. उपकेंद्रांवर योग सत्रं होतात, त्यांचे फोटो आणि आकडे वर जातात. मी पाहिलं त्या सत्रांना बहुतेक शाळेची मुलं आणि कर्मचारीच असत. बीपीचे रुग्ण गोळ्यांच्या रांगेत. दोन्हीचा दिवस एकच ठेवा. आलेल्या रुग्णांना आधी सतरंजीवर अर्धा तास शवासन, मग पाच मिनिटं बसून माप, मग गोळ्या, आणि मागच्या महिन्याचा आकडा त्यांच्याच कार्डावर लिहून त्यांना वाचून दाखवायचा. त्याला नवीन पद लागत नाही की निधी; तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी वेळापत्रक बदललं की झालं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
(जि. सातारा)