रोपाच्या आधी खड्डा दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात रस्ता रुंद झाला की कडेला तीन-चार मीटरची पट्टी उरते आणि तिथे 'लिनिअर पार्क' म्हणजे रस्त्यालगतची लांबट बाग करायचे ठरते. नागरिकांना मात्र बोलावणे येते ते रोपे लावायच्या दिवशी. तोवर उशीर झालेला असतो, कारण झाड जगणार की मरणार हे खालच्या भरावावर ठरते आणि भराव तर केव्हाच झालेला असतो.

रस्त्याचा मुरूम दाबणारा रोलर पट्टीवरूनही फिरतो. फुटके कर्ब (फुटपाथच्या कडेचे दगड), सिमेंटच्या गोण्या, खोदकामाचा राडारोडा तिथेच गाडून वर वीतभर लाल माती पसरतात. पहिल्या पावसाळ्यात सगळे हिरवेगार दिसते. दुसऱ्या उन्हाळ्यात मुळे मुरमाला टेकतात आणि शेंडे वाळू लागतात.

म्हणून रहिवाशांनी पहिला आग्रह खड्ड्याचा धरावा. मोठ्या झाडासाठी एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा हवा, तळ पहारीने फोडलेला. भरताना दोन घमेली मातीला एक घमेले कुजलेले शेणखत. त्याआधी खड्ड्यात वीतभर पाणी ओतून ठेवावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच साचलेले दिसले, तर खाली दाबलेला थर आहे असे समजावे. तो फोडल्याशिवाय तिथे रोप लावू नये. या तपासणीला यंत्र लागत नाही, एक बादली आणि उद्या सकाळी पुन्हा येणारा माणूस पुरतो.

दुसरी चूक पातळीची. वाफे फुटपाथपेक्षा उंच भरले जातात, मग पहिल्याच सरीत माती रस्त्यावर येते आणि पावसाळी गटाराच्या जाळ्या तुंबतात. वाफा फुटपाथपेक्षा चार बोटे खाली ठेवावा आणि कर्बमध्ये ठरावीक अंतरावर फटी सोडाव्यात, म्हणजे पाणी आत जिरते. केबल आणि गॅसच्या वाहिन्यांसाठी आधीच डक्ट (जमिनीखालच्या नळ्या) टाकून घ्यावेत, नाहीतर वर्षाच्या आत कोणीतरी मुळांवरच चर खणतो.

झाडांच्या संख्येबाबतही लोकांशी सरळ बोलायला हवे. वृक्ष संरक्षण कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावावी लागतात. आठ मीटर अंतर धरले तर एक किलोमीटरच्या एका बाजूला 125 झाडेच मावतात. बाकीची कुठे लावणार, हे आधी सांगा. इथेच दाटीवाटीने कोंबून आकडा भरू नका. ताम्हण, बहावा, करंज, बकुळ, कडुनिंब ही झाडे इथल्या हवेत टिकतात. गुलमोहर रस्त्याकडेला नको, वादळात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. चौकाजवळ गुडघ्यापेक्षा उंच झुडपे नकोत, रस्ता ओलांडणारे मूल चालकाला दिसत नाही.

पाण्याचा हिशेब लोकांनी हातात घ्यावा. कोवळ्या झाडाला ऑक्टोबर ते जून आठवड्यातून दोनदा 20 लिटर पाणी लागते. 125 झाडांना एका वेळी अडीच हजार लिटर होतात. सांडपाणी प्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी त्याला चालते. प्रत्येक सोसायटीने आपल्या समोरची झाडे वाटून घ्यावीत, पण टँकर पालिकेचाच हवा. पाण्याचा सगळा भार लोकांवर टाकला की मे महिन्यात सुट्ट्या लागतात आणि झाडे जातात. आधाराच्या काठीची दोरी दर सहा महिन्यांनी सैल करणे हे काम मात्र सोसायटीचे. सैल न केलेली दोरी सालीत रुतून बसते आणि खोड तिथेच आवळले जाते.

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ तुळपुळे उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये उद्यान झाले, ते रहिवाशांनी पाठपुरावा केल्यामुळेच. पुण्यातही 2006 पासून नागरिकांना पालिकेच्या अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात. तिथे रहिवाशांनी बाके मागण्याऐवजी देखभाल मागावी. निविदेतच तीन वर्षांची देखभाल घालावी, दर सहा महिन्यांनी ठेकेदार, उद्यान विभाग आणि रहिवाशांनी मिळून जिवंत झाडे मोजावीत आणि बिल त्या आकड्यावरच निघावे.

आमची पालिकेला विनंती आहे की, पट्टीचा छेद-नकाशा (मातीची खोली, वाफ्याची पातळी आणि डक्टच्या जागा दाखवणारा) खोदकाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी क्षेत्रीय कार्यालयात मराठीत लावावा आणि खड्डे भरण्याची तारीख सोसायट्यांना कळवावी. त्या दिवशी आम्ही बादली घेऊन येऊ.

आपले,
रस्त्यालगतचे रहिवासी, पुणे