निकालाचा कागद परत आणून देणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

आमच्या वावरातला माती तपासणीचा आणि सोयाबीनच्या प्रयोगाचा प्रकल्प संपला, अनुदान संपलं, बांधावरचा फलकही उतरला. त्यानंतर तुम्ही निकालाचा कागद घेऊन पुन्हा शिवारात आलात. हे पत्र त्या कागदासाठी.

आधी येऊन गेलेल्या प्रकल्पांचा निधी फलक, मंडप आणि गाडीभाड्यातच जिरला. मातीचे नमुने तेवढे नेले, अहवाल आजवर नाही. आणि नमुने तरी कसले? बांधाला लागून, लिंबाखालून, उकिरड्याशेजारून माती उकरायची आणि डीएपी खताच्या रिकाम्या गोणीत भरायची. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) फुगलेलं दिसणारच! तुमच्या पोरांनी वावरात नागमोडी फिरून 15-20 सेंमी खोल व्ही आकाराचे खड्डे घेतले. लोह-जस्त तपासायचं म्हणून खड्ड्याची कड लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी कामटीनं खरवडली. मग ढीग करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत माती अर्ध्या किलोवर आणली.

सोयाबीनचा प्रयोगही तसाच. बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या यंत्रानं, वरंब्यावर 45 सेंमीवर चार ओळी, दोन्ही अंगांना सऱ्या. आणि लगेच शेजारी, त्याच दिवशी, त्याच वाणाचा तिफणीनं पेरलेला तुलनेचा पट्टा. बी 3-4 सेंमीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, यावर तुमचा कटाक्ष. खोल गेलं आणि वरून पावसानं पापुद्रा धरला की सोयाबीनची मान आतच मोडते. राशीच्या वेळी कडेच्या ओळी आणि ट्रॅक्टर वळतो ती धुऱ्याकडची जागा वजनातून वगळली. कडेच्या झाडांना ऊन-हवा जास्त, ती धरली तर पिकाचा उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, उगाच चांगला दिसतो. (काहींचे उतारे नेमके तिथूनच येतात, असो.)

पण मनात राहिला तो कागद. हेक्टरी किलोऐवजी एकरी क्विंटल, मराठीत, प्रत्येक गट नंबरासमोर. आणि त्यात फसलेला पट्टाही होता! त्या वावरात सऱ्या उताराच्या दिशेनं पडल्या होत्या. उताराला आडव्या असत्या तर पाणी सावकाश मुरलं असतं, जादाचं हळूच बाहेर निघालं असतं. तसं झालं नाही. पहिल्याच मोठ्या पावसात सऱ्यांच्या घळी झाल्या, वरंबे खचले, माती नाल्याला लागली. दुसऱ्या कुणी तो पट्टा सरासरीत बुजवला असता, नाहीतर शेतकऱ्याच्या माथी मारला असता. तुम्ही त्या ओळीसमोर पेनानं लिहिलंत, ‘आखणी आमची चुकली.’ अंदाजपत्रकात प्रयोगातल्या घटीच्या भरपाईसाठी रक्कम तुम्ही आधीच धरली होती, म्हणून त्या घरचं नुकसानही भरून निघालं. प्रयोगाची जोखीम शेतकऱ्याच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये, एवढं साधं कलम किती प्रस्तावांत असतं?

अशी सरळ माणसं सरकारी खुर्चीवर असतात, हे आमच्याकडं आता कुणी सहज मानत नाही. कागद पंचायतीच्या भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा आधी फसलेल्या पट्ट्याचीच ओळ वाचतो आणि सऱ्या कुठल्या दिशेनं ओढायच्या ते विचारतो.

सोयाबीन निघालं की वरंबे न मोडता त्यावरच हरभरा टोकायचा विचार आहे. त्या उताराच्या वावरात मात्र आधी आखणी नव्यानं करू. समपातळीचं यंत्र घेऊन एक चक्कर टाका.

आपले,
गटातले सगळे शेतकरी