मृत्युपत्राची प्रत सोबत पाठवतेय

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "कोर्टानं तर समलिंगी लग्नाला नाही म्हटलं, मग तुम्हा दोघींचं आता काय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की लग्नाचा निरपवाद मूलभूत हक्क कुणालाच नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आम्हाला जागा करून देणं हे संसदेचं काम. इथवर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. लग्न नाही तर नाही, निदान एकत्र राहण्याला काही कायदेशीर दर्जा द्यावा, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले, उरलेले तिघे नाही म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळली गेली.

आई, तुला वाटतं ३७७ चा, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचा, निकाल लागला तेव्हाच सगळं मिटलं. २०१८ मध्ये आम्ही गुन्हेगार उरलो नाही, एवढंच. एकमेकींच्या नातेवाईक झालो नाही. घराचे हप्ते मी आणि माझी जोडीदार दोघी भरतो, पण घर माझ्या नावावर. उद्या मी नसले तर ते तुम्हा दोघांचं होईल. तिचं काहीच नाही. आणि बाबा, हा खास तुमच्यासाठी: नवऱ्यानं बायकोला कितीही पैसे दिले तरी ती करमुक्त भेट, मी तिला वर्षात ५०,००० च्या वर दिले, की ते सगळं तिचं करपात्र उत्पन्न!

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. (तशी ती आधीही नव्हती, पण काउंटरपलीकडच्या माणसाला दाखवायला कागद लागतो.) म्हणून माझ्या खात्यावरचं तुमचं नाव काढून तिचं घातलंय. रागावू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही केलंय. घर तिला. आईनं दिलेल्या बांगड्या परत आईला.

उद्या कुणी काका-मामा म्हणाले, "परक्या बाईला घर गेलं, दावा लावा," तर लावू नका. आणि कधी हॉस्पिटलमधून सहीसाठी तुम्हाला फोन आला, तर "ती सांगेल तसं करा" एवढंच म्हणा. कायद्यानं आज तुमच्या शब्दाला वजन आहे, ते तिच्या पाठीशी उभं करा.

वाचून काही शंका आली तर तिलाच फोन करा. कागदपत्रं तीच बघते, मला त्यातलं निम्मं कळत नाही.

तुमची,
ताई