माळ्यावरचे बूट

दिमापूर

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘टीमच्या ट्रायलला जात नाहीये, फिजिओलॉजी राहिलंय.’ मी नेहमीसारखं अंगठ्याचं चित्र टाकलं आणि फोन ठेवला. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना, म्हणून हे पत्र. हसू नकोस, कागदावर मला नीट बोलता येतं.

बदली होऊन इकडे नागालँडला आल्यापासून फुटबॉलपटू डॉ. तालिमेरेन आओ हे नाव सारखं कानावर पडतंय. मला ते माहीतच नव्हतं, ह्याची लाज वाटली. इथल्याच चांकी गावचा माणूस, जन्म १९१८ चा. वडील मिशनचे पाद्री. ते १९३५ साली टायफॉइडने गेले. मुलाने डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. पोरगा गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेला, तिथे फुटबॉलबरोबर मैदानी स्पर्धाही गाजवल्या. मग १९४२ साली कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश, आणि पुढच्याच वर्षी तिथला नावाजलेला फुटबॉल क्लब, मोहन बागान! म्हणजे तुझ्यासारखंच पहिलं-दुसरं वर्ष, तीच हाडं पाठ करायची, आणि वर कोलकात्याचं मैदान.

विद्यार्थी असतानाच १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते भारताचे कर्णधार म्हणून गेले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिंपिक, आणि उद्‌घाटनाला तिरंगाही त्यांच्याच हातात. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या, रामनने बरोबरी साधली, आणि शेवटी शेवटी गोल खाऊन १-२ हरलो. बूट का घालत नाही, असं तिकडे विचारलं तेव्हा आओ म्हणाले म्हणे, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल! (तू मात्र बूट घालूनच खेळ. लिगामेंटचा खर्च मला झेपायचा नाही.)

एमबीबीएस झाले १९५० साली. आठ वर्षं! हे वाचलं आणि मी तिथेच थांबलो. वडिलांना दिलेला शब्द त्यांनी पाळलाच. कोहिमाच्या सरकारी इस्पितळात काम केलं, पुढे नागालँडचे आरोग्य संचालक झाले, १९७८ ला निवृत्त. पण कुणी मधल्या वर्षांचा हिशोब मांडत बसला असेल, असं वाटत नाही.

मी मांडला असता. बारावीला तुझे बूट माळ्यावर कुणी टाकले? ‘नीटची परीक्षा होऊ दे, मग खेळ,’ म्हणालो, आणि ते ‘मग’ कधी आलंच नाही. तू कधी मागितलेही नाहीस. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं. आता वाटतं, तू मला घाबरून अभ्यासाचं नाव पुढे करतोयस. खरंच मन नसेल तर नको जाऊस, माझी हरकत नाही. पण माझ्यासाठी सोडत असशील तर सांगून ठेवतो: एखादा विषय राहून सप्ली, म्हणजे पुरवणी परीक्षा, लागली तर घरात कुणी तोंड वाकडं करणार नाही. आईशी बोललोय.

बूट पत्र्याच्या पेटीमागे, निळ्या पिशवीत आहेत. मीच ठेवलेत, त्यामुळे जागा पक्की ठाऊक आहे. आई परवा कुरियर करेल. दोन वर्षांत पायाचा नंबर वाढला असेल तर त्याआधी कळव.

तुझा,
बाबा