क्लिनिकल पोस्टिंगआधी : विमा आणि सुई टोचल्यास

तृतीय वर्षाच्या सर्वांसाठी. सोमवारी वॉर्ड सुरू होतायत. विमा कार्डाची झेरॉक्स आणि हिपॅटायटिस बी लसीच्या नोंदी शनिवारपर्यंत सीआरकडे (वर्गप्रतिनिधीकडे) द्या. तिसरा डोस घेऊन दोन महिने होत आले असतील तर अँटीबॉडी टायटर (लस लागू पडली का, ते पाहणारी रक्ततपासणी) करून घ्या. १० mIU/mL किंवा जास्त हवं. डोस राहिला असेल तर आत्ताच सांगा, कोणी रागावणार नाही.

पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसी २४ तास ॲडमिट असल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि सुई टोचल्यावर ॲडमिट कोण करतं? अपघात आणि ओपीडी कव्हर आहे का, ते विचारा.

सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच रेसिडेंटला सांगून कॅज्युअल्टी गाठा. पीईपीचा (एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधांचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत; कोर्स २८ दिवसांचा. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो. पेशंटचं नाव-बेड नंबर टिपा, रजिस्टरमध्ये नोंद कराच, नाहीतर क्लेमला पुरावा राहत नाही. ‘एवढंसं तर टोचलं’ म्हणून राउंड संपेपर्यंत थांबू नका. आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सीनियर लावत असला तरी.