रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं? : सामाजिक न्याय मंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, महाराष्ट्र राज्य
प्रत : मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय : डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) रुग्ण ठेवून घेणाऱ्या वृद्धाश्रमांनी रात्रीची माणसं, औषधं आणि रुग्ण परत पाठवण्याच्या अटी दारावर लेखी लावण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

डिमेन्शिया झालेल्या आईसाठी किंवा वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधणारी मंडळी बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बघायला जातात. फरशी पुसलेली असते, आंघोळी उरकलेल्या असतात, हॉलमध्ये भजन चालू असतं, ऑफिसात चहा येतो. भिंतीवर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं. ते प्रमाणपत्र म्हणजे ट्रस्टच्या जन्माचा दाखला. आत माणसं कशी सांभाळली जातात याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. घरचे ते बघतात, बाग बघतात आणि डिपॉझिट भरून येतात.

यात त्यांचा दोष नाही. काय विचारायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि विचारलं तरी उत्तर देण्याचं बंधन आश्रमावर नसतं. विचारायचं काय ते आम्ही खाली लिहिलं आहे. उत्तर बंधनकारक करणं तुमच्या हातात आहे.

पहिला प्रश्न रात्रीचा. ‘आमच्याकडे चोवीस तास स्टाफ असतो’ हे सगळीकडेच ऐकायला मिळतं. पण रात्री दहा ते सकाळी सहा नेमके किती जण, आणि ते जागे असतात की व्हरांड्यात गादी टाकून झोपलेले? हिशोब करून बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबे आणि टाचा इथे बेडसोर (दाबाने होणाऱ्या जखमा) सुरू होतात. कूस बदलायची, पॅड ओला असेल तर काढायचा, पुसून कोरडं करायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. एका माणसाला दहा मिनिटं धरा. असे बारा जण असले की एक फेरी बरोबर दोन तासांची. शेवटच्या खाटेवरून मावशी उठली की पुन्हा पहिली खाट. ती एकटी असेल तर तिला पाणी प्यायलाही फुरसत नाही. आणि त्याच वेळी ‘भोंगा झाला, गिरणीत जायचंय’ म्हणत जो आजोबा अडीच वाजता दार हलवतो, त्याच्याकडे बघायला कुणीच उरत नाही.

मग त्याला बांधतात. ओढणीने, जुन्या लुगड्याच्या पट्टीने, खाटेच्या दांड्याला. नाहीतर रात्रीची गोळी वाढवतात. बांधणारी मावशी दुष्ट असते असं नाही. बारा खाटा आणि एक जोडी हात एवढंच त्याचं कारण असतं. म्हणून आश्रम बघायला गेल्यावर बागेऐवजी मनगटं आणि टाचा बघाव्यात. मनगटावर वळ आणि टाचेवर काळपट-लाल डाग दिसला, की रात्रीबद्दल वेगळं विचारावं लागत नाही. जायचं तेही संध्याकाळी सहा-सातला, न कळवता. या आजारात बेचैनी बहुधा दिवस कलताना वाढते आणि स्टाफची पाळीही त्याच सुमाराला बदलते. लघवीचा वास आला तर विचारा. पण दारातच फिनेलचा भपका आला तरी विचारा.

गोळ्यांचं थोडं सविस्तर. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन ही मनोविकारांवरची, माणसाला शांत करणारी औषधं कधी कधी खरोखर लागतात. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या नव्या औषधांबाबत २००५ मध्ये आणि जुन्यांबाबत २००८ मध्ये तसा ठळक इशारा दिला आहे. ‘लुई बॉडी’ प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. म्हणून कुठला डिमेन्शिया आहे हे लिहिलेली फाईल प्रवेशाच्या वेळी जो आश्रम मागत नाही, त्याच्या बाबतीत तिथेच सावध व्हावं. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. ते तपासलेलं आहे का हेही त्या फाईलमध्ये दिसतं.

गोळ्यांबाबतची आणखी एक चूक तितकीच नेहमीची. ‘परवापर्यंत शांत होते, आज अचानक शिव्या देतायत’ ही सहसा आजाराची पुढची पायरी नसते. एक-दोन दिवसांत असा बदल झाला तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, न्यूमोनिया किंवा न दिसलेलं फ्रॅक्चर शोधायचं असतं. त्याऐवजी झोपेची गोळी दिली की संसर्ग आत वाढत राहतो, झोपाळलेला माणूस पडतो, घास श्वासनलिकेत जातो. प्रत्येक रुग्णाच्या औषधाच्या तक्त्यावर गोळी कुणी लिहिली, कधीपासून आणि पुन्हा कधी तपासणार या तीन गोष्टी असाव्यात. शांत करणाऱ्या गोळ्यांची फेरतपासणी दर सहा आठवड्यांनी व्हावी.

आता सोलापूरचं म्हणून जे आहे ते. नळाला काही दिवसांआड पाणी येणं आपल्याकडे अंगवळणी पडलं आहे. ज्याला कपड्यात लघवी-शौच होते अशा माणसांच्या घरात ते अंगवळणी पाडून चालत नाही. वीस रुग्ण आणि पाच कर्मचारी, माणशी १५० लिटर धरले तर दिवसाला ३,७५० लिटर लागतात. पाणी चार दिवसांनी येणार असेल तर साठवण १५,००० लिटरची हवी, किंवा बोअर आणि टँकरची सोय. टाकी केवढी, हा प्रश्न विचारणारा नातेवाईक विरळाच. टाकी लहान असली की पाण्याची काटकसर पहिल्यांदा आंघोळीवर आणि पॅड बदलण्यावर येते.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. या आजारात तहान कळत नाही, कळली तरी सांगता येत नाही. ‘पाणी पाहिजे का?’ विचारल्यावर ‘नको’ येतं आणि तिथेच विषय संपतो. दिवसभरात साधारण दीड लिटर पोटात जायला हवं (हृदयाच्या, किडनीच्या रुग्णांना डॉक्टर सांगतील तेवढं), म्हणजे न विचारता तासा-तासाला हातात अर्धी वाटी द्यायची. पाणी, ताक, सरबत, काहीही चालेल. लाईट गेल्यावर पंखे किती वेळ चालतात आणि पत्र्याखाली खाटा आहेत का, हे बघायचं तर दुपारी तीनला जावं.

भाषेचा मुद्दा कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतो. आजार वाढत जातो तशी नंतर शिकलेली भाषा आधी गळते, आईची भाषा राहते. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आजी पन्नास वर्षं बाजारात मराठी बोलली असेल, पण आता ती ‘नीळ्ळु’ म्हणते. अक्कलकोटकडचे कन्नड आजोबा ‘नीरु’ म्हणतात. दोघंही पाणीच मागत असतात. तेलुगू-कन्नड न कळणारी मावशी रजिस्टरमध्ये लिहिते : ‘रात्री आरडाओरडा, ऐकत नाही.’ तिथून गोळीपर्यंतचं अंतर फार नसतं. पाणी, दुखतंय, शौचाला जायचंय, भूक, थंडी एवढे पाच शब्द त्या त्या भाषेत खाटेशी चिकटवले तरी पुष्कळ भागतं. त्याच कागदावर घरी हाक काय मारतात आणि आयुष्यभर काम काय केलं हेही लिहावं. विड्या वळलेल्या बाईची बोटं रिकामी राहिली की चादर उसवत बसतात. तिच्यापुढे घड्या घालायला फडक्यांचा ढीग ठेवला तर ती तासभर शांत बसू शकते. तो ढीग रोज उलगडून पुन्हा द्यायचा, त्यात फसवणूक काही नाही.

जेवणात आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही सगळ्यात धोक्याची जोडी, सांगायला वाईट वाटतं. गिळणं मंदावलं की कोरडी चटणी घशात उडते आणि भाकरीचा तुकडा अडकतो. मऊ भाकरी आमटीत कुस्करून, चटणी दह्यात भिजवून, ज्वारीची आंबील. जेवताना पाठ सरळ आणि नंतर अर्धा तास बसलेलंच. भरवणाऱ्या बाईकडे एका वेळी किती ताटं असतात ते मोजा. महिन्याला वजन लिहिलेली वही मागा : पन्नास किलोच्या माणसाचं एका महिन्यात अडीच किलो उतरलं तर डॉक्टरला बोलवायला हवं. वहीच नसेल तर कमी झालेलं वजन कुणाच्या लक्षातही येणार नाही.

गेटबद्दल थोडंच. कडी डोळ्यांच्या पातळीवर नको, संडासाची कडी बाहेरून उघडणारी हवी, आणि बाहेर जाऊ पाहणाऱ्याला आत गोल फिरून परत येता येईल अशी वाट हवी. मनगटावर फोन नंबराचा पट्टा आणि महिन्याभरातला फोटो. सोलापूर स्टेशन मुंबई-चेन्नई मार्गावर आहे. चुकलेला माणूस गाडीत बसला तर कलबुर्गी, वाडी गाठतो, आणि आषाढीत पंढरपूरच्या गर्दीत शिरला तर विचारूच नका. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज अजून आश्रमचालकांमध्येही आहे. थांबावं लागत नाही.

आणि सगळ्यात जास्त कुटुंबं जिथे अडकतात ते कलम करारात बहुधा नसतंच. अनेक आश्रम ‘स्वतःचं स्वतः करणारे’ एवढेच घेतात. डिमेन्शियात ती अवस्था टिकत नाही, हे घेताना आश्रमाला माहीत असतं. वर्षा-दोन वर्षांनी फोन येतो : ‘फार त्रास देतात, घेऊन जा.’ किती दिवसांची मुदत, डिपॉझिटमधून काय कापणार, दवाखान्यात दाखल केलं तर शेजारी कोण बसणार, पॅडचा खर्च कुणाचा (दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२०), रात्री मृत्यू झाला तर दाखला कोणता डॉक्टर देणार, हे सगळं सही करण्याआधी कागदावर हवं. जाता जाता आणखी एक : वडिलांचं भान गेल्यावर त्यांनी आधी दिलेलं मुखत्यारपत्र करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे संपतं, हे बऱ्याच मुलांना बँकेच्या काउंटरवरच कळतं.

महोदय, कायदा नाही असं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांच्या आश्रमाची गोष्ट करतं, आणि आश्रमांच्या सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार त्याच कलमाने राज्य सरकारला दिला आहे. खासगी आश्रमांच्या नोंदणीची तरतूद असलेलं २०१९ चं दुरुस्ती विधेयक संसदेत आलं, कायदा झाला नाही. दुसरीकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकार येतात, आणि असे रुग्ण ठेवणाऱ्या आस्थापनांनी राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. म्हणजे पाटीवर ‘वृद्धाश्रम’ लिहिलं की तुमचं खातं, आतल्या खाटा बघितल्या की आरोग्य खातं. तक्रार घेऊन गेलेला माणूस या दोघांच्या मधल्या पॅसेजमध्ये उभा राहतो. देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. हा पॅसेज आता अपुरा पडणार.

नियम कडक केले तर देणग्यांवर चालणारे छोटे आश्रम बंद पडतील, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ते खोटं नाही. म्हणूनच आम्ही दर्जाची लांबलचक यादी मागत नाही. एक पान मागतो. एकूण खाटा किती, त्यातले अंथरुणाला खिळलेले किती, रात्री जागे कर्मचारी किती, त्यांना कोणत्या भाषा येतात, शांत करणाऱ्या गोळ्यांवर किती जण, मागच्या तीन महिन्यांत पडलेले आणि बेडसोर झालेले किती, साठवणीचं पाणी किती लिटर, आणि रुग्ण परत कधी व कसा पाठवणार. ‘रात्री एकच माणूस असतो, म्हणून अंथरुणावरचे रुग्ण घेत नाही’ असं एखाद्या आश्रमाने प्रामाणिकपणे लिहिलं तर त्यात कमीपणा नाही. उलट तिथे कुणाला ठेवावं आणि कुणाला नाही हे घरच्यांना दारातच कळेल.

हे पान मुख्य दाराशी लावावं, दर तिमाहीला बदलावं आणि त्याची प्रत सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात जावी. वर्षातून दोनदा ते तपासायला अधिकाऱ्यांनी रात्री दहानंतर जावं, सोबत शासकीय रुग्णालयातली एक परिचारिका घेऊन. दिवसा जाऊन हे तपासता येणार नाही.

नमुना सोबत जोडला आहे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत. छपाईला ए-फोर कागद पुरतो.

आपले,
सोलापुरातील काही परिचारिका, समाजकार्यकर्ते आणि डिमेन्शियाच्या रुग्णांचे नातेवाईक