जामिनाच्या हुकमापासून तुरुंगाच्या फाटकापर्यंत

तुरुंगात जाऊन कच्च्या (खटला अजून निकाली न निघालेल्या) कैद्यांचे कागद लावून देणाऱ्या समाजकार्य आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही मोफत विधी सेवेच्या पॅनेलवरचे काही वकील. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1990 साली ‘प्रयास’ हा कैद्यांसाठीचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून मुंबईच्या तुरुंगांत समाजकार्याची माणसं जाऊ लागली. त्याच वाटेने आज वेगवेगळ्या कॉलेजांतून तुम्ही येता. तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते नेमके कशाबद्दल हेही सांगायचं आहे. नुसतं ‘छान काम करता’ म्हटल्याने ते कोणाला कळणार नाही.

जामीन मंजूर झाला की आमच्या फाइलवर शेरा पडतो आणि आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळतो. माणूस मात्र बराकीतच असतो. हुकमात ‘पंधरा हजारांचा एक सक्षम जामीनदार’ असं लिहिलेलं असतं. जामीनदार म्हणजे रेशन कार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा मालमत्तेचा कागद, फोटो, शिवाय आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत याचं लेखी निवेदन. हे सगळं घेऊन कोर्टात दिवसभर थांबायला कोणीतरी लागतं, आणि घर कुठेतरी मराठवाड्यात किंवा बिहारमध्ये असतं. मोबाइल पोलिसांकडे मुद्देमालात जमा, सगळे नंबर त्यातच. म्हणून तुम्ही पहिल्याच भेटीत विचारता, ‘कोणाचा नंबर पाठ आहे?’ भावाचा नसेल तर मालकाचा, नाहीतर गावातल्या किराणा दुकानाचा. तो एक आकडा वेळेत मिळाला तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात. जामिनाच्या अर्जाआधी हा प्रश्न विचारावा हे आम्हाला सुचायला हवं होतं. ते तुम्ही शिकवलंत.

जामीनदार मिळतच नसेल तेव्हा काय करायचं, याचा क्रमही तुमच्या टिपणांमुळे आमच्या हाताशी असतो. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 490 खाली, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्यावी असा अर्ज. रक्कमच झेपत नसेल तर ती कमी करण्यासाठी कलम 484. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवडाभरात जामीनदार उभा राहिला नसेल, तर माणूस गरीब आहे असं कायदाच धरतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांप्रमाणे, हुकमानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राच्या 2023 च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पैशांची मदत मिळू शकते. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराची प्रकरणं तिच्यात बसत नाहीत. हे सगळं कागदावर आहे. पण सातवा दिवस कधी उलटला हे कोणीतरी मोजावं लागतं, आणि ते तुम्ही मोजता.

सर्वांत जास्त ऋण आहे ते त्याच संहितेच्या कलम 479 च्या हिशेबाचं. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, की जामिनाचा हक्क येतो. संहिता लागू झाली त्या 1 जुलै 2024 आधीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयात ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट झालं. हिशेब शाळेतल्या भागाकाराइतका सोपा, तरी तो चुकतो. तुरुंगाच्या नोंदीत एफआयआरमधली कलमं तशीच राहतात. समजा दोषारोपपत्रात जन्मठेपेचं कलम गळून सात वर्षांचं उरलं, तरी तुरुंगापर्यंत ते कळत नाही. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला 479 लागू नाही, त्यामुळे नाव जामिनाला पात्र कैद्यांच्या यादीत येतच नाही. खरं तर पहिल्या गुन्ह्यासाठी सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. तुम्ही दोषारोपपत्राची प्रत मिळवून कलमं एकेक करून ताडून पाहता, दुसरं प्रकरण प्रलंबित आहे का तेही बघता (असेल तर 479 अडतं), आणि मगच अधीक्षकांकडे अर्जाचा मसुदा देता. कोर्टाकडे लेखी अर्ज करणं हे अधीक्षकांचं कर्तव्य आहे. त्यांनाही तयार हिशेब मिळाला की काम पुढे सरकतं.

कागद मिळाल्याच्या पावतीचा तुमचा आग्रह सुरुवातीला आम्हाला जाच वाटायचा. 1978 च्या हॉस्कोट निकालात येरवड्याच्या कैद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत मिळाली की नाही, हाच वाद होता. प्रत पाठवली होती, पोच नव्हती. तेव्हापासून निकालाची प्रत कैद्याला मोफत द्यायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची असं ठरलं. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करायला 60 दिवस असतात. उशीर झालाच, तर ती पोच पाहून कोर्टाला समजतं की दिवस कुठे गेले. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रतीमागे तारीख आणि सही किंवा अंगठा असतो.

आणि सुटकेचा दिवस. सुटकेचा कागद फाटकाजवळच्या हुकमांच्या पेटीत, ती संध्याकाळी उघडण्याआधी, पडला नाही तर आणखी एक रात्र आत. हुकमात ‘शेख’ आणि वॉरंटवर ‘शेक’ असेल तरी एक रात्र. दुसऱ्या प्रकरणाचं वॉरंट निघालं तर किती रात्री, सांगता येत नाही. म्हणून आदल्या दिवशीच तुम्ही नाव, वडिलांचं नाव आणि प्रकरण क्रमांक सगळ्या कागदांवर जुळवून पाहता.

दिवेलागणीला तो बाहेर येतो तेव्हा खिशात बहुधा काहीच नसतं आणि घरचा नंबर आठवतोच असं नाही. पहिल्या भेटीत लिहून घेतलेला नंबर तुम्ही फोनवर लावता, आणि पलीकडून आवाज आला की फोन त्याच्या हातात देता. त्याबद्दलही आभार.

तुमचे,
पॅनेलवरचे वकील